औलीत हिवाळ्याचा हंगाम: उतार देखणा, पण खरी परीक्षा सामानाच्या खोलीत

औलीला चार दिवस फिरायला जाणं वेगळं आणि जानेवारी ते मार्च तिथे कामाला राहणं वेगळं. हे परीक्षण दुसऱ्या प्रकारच्या मुक्कामाचं आहे. ट्रेक कंपनीचा मदतनीस, हॉटेलातला माणूस, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानातला हात किंवा शिकाऊ प्रशिक्षक म्हणून अडीच-तीन महिने काढायचा विचार असेल, तर औली कशी आहे ते इथे सांगतो. थोडक्यात मत असं: शिकायला फार चांगली जागा, कमाईच्या भरवशाला कच्ची. आणि तिथे तुमचं काम चांगलं की वाईट हे उतारावर कमी आणि बूट-स्कीच्या त्या ओलसर खोलीत जास्त ठरतं.

आधी जागा समजून घ्या. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात जोशीमठ, म्हणजे २०२४ पासूनचं ज्योतिर्मठ, साधारण १,८९० मीटरवर आहे. औली त्याच्या डोक्यावर, २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली, पिपलकोटी असा पूर्ण दिवसाचा घाटरस्ता. लांब पल्ल्याच्या गाड्या पहाटेच सुटतात, त्यामुळे मुंबई-पुण्याहून हरिद्वारला दुपारी उतरणाऱ्याने ती रात्र खालीच काढायची हे गृहीत धरावं.

जोशीमठ ते औली हा रोपवे सुमारे ४ किलोमीटरचा, दहा मनोऱ्यांचा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली आणि तो थांबवला गेला. औलीच्या उतारावरची ८०० मीटरची चेअरलिफ्ट ही वेगळी गोष्ट आहे. प्रवासवर्णनांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते, म्हणून निघण्यापूर्वी काय चालू आहे ते दोन्हींची नावं घेऊन विचारा. पर्यटकासाठी हा फक्त सोयीचा प्रश्न असतो. कामाला राहणाऱ्यासाठी अर्थ असा, की गॅसचं सिलिंडर, कणीक, भाजी, दुरुस्तीला गेलेल्या स्की, सगळं जीपने रस्त्यावरून येणार. जोराचा बर्फ पडला की वरचा टप्पा बंद पडतो, नाहीतर चाकांना साखळ्या लावूनच चढावा लागतो. आठवड्याचा शिधा आणि इंधन वर शिल्लक नसेल, तर ते हॉटेल नीट चालवलेलं नाही. कामाची बोलणी करताना कोठार दाखवा म्हणावं. त्यावरून बरंच कळतं.

आता बर्फ. औलीतला बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांवर, अवलंबून आहे, आणि ते कॅलेंडर पाहून येत नाहीत. डिसेंबरअखेर ते मार्च हा हंगाम म्हणतात खरा, पण जानेवारीचे तीन आठवडे तपकिरी गवत दिसू शकतं आणि फेब्रुवारीत दोन दिवसांत कमरेइतका थर साचू शकतो. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी खेळांच्या स्कीच्या स्पर्धा इथेच झाल्या. कृत्रिम बर्फाच्या तोफा आणि त्यांना पाणी पुरवणारं तळं ही त्या काळातली तयारी. तोफा आहेत म्हणजे बर्फाची हमी आहे, हा मात्र गैरसमज. तोफ दाबाखालचं पाणी आणि हवा यांचे बारीक थेंब उडवते. ते जमिनीवर पडण्याआधी गोठले तरच बर्फ. त्यासाठी नुसतं तापमान पाहून भागत नाही, हवेतली आर्द्रताही मोजावी लागते. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीवर साधारण उणे २ अंशांच्या खाली गेलं तर कसाबसा ओलसर बर्फ होतो. उणे ६-७ च्या आसपास तो चांगला, कोरडा होतो. हवा कोरडी असेल तर साधा पारा शून्यावर असतानाही जमतं. दमट असेल तर उणे १ लाही नुसता चिखल होतो. शिवाय पाणी, वीज आणि थंडी तिन्ही एकाच रात्री हाताशी लागतात. २०२३ साली औलीतल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या, तेव्हाही तोफा होत्याच.

म्हणून पगाराचं बोलणं आधी आणि लेखी. रोजंदारीवर कधीही जाऊ नका. बर्फ नसलेले दिवस तुमच्या खिशातून जातात. महिन्याचा ठरावीक आकडा, राहणं-जेवण त्यात धरलेलं, आणि बर्फ पडलाच नाही तर काय काम असेल, हे तीन मुद्दे कागदावर हवेत. बर्फ नसताना औलीत काम नसतं असं नाही. गोरसों बुग्यालकडे, म्हणजे वरच्या गवताळ कुरणाकडे, चालत जाणाऱ्यांचे गट असतात, खोल्या भरलेल्या असतात. मालकाने हे काम आधीच नाव घेऊन सांगितलं, तर तो माणूस हंगाम ओळखतो असं समजा.

इथून पुढे सामानाची खोली, म्हणजे या परीक्षणाचा गाभा. औलीतल्या भाड्याच्या सामानाचा दर्जा दुकानागणिक बदलतो. एकाच रांगेत नवा बूट आणि पंधरा वर्षांचा बूट शेजारी टांगलेले दिसतात. पहिल्यांदा स्की करणारा पाहुणा पडतो, कंटाळतो, पाय दुखतात म्हणून दुपारी परत येतो. त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. दहांतल्या सात-आठ वेळा बूट चुकीचा असतो, असं आमचं ठाम मत आहे.

बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच लावून पाऊल मोजा, २६.५ सेंटिमीटर आलं तर बूट २६.५. गिऱ्हाईक त्याच्या रोजच्या बुटाचा ८ नंबर सांगतो आणि घाईत कुणीतरी दोन माप मोठा देतो, कारण मोठ्या बुटात पाय सहज जातो. तिथेच दिवस वाया जातो. आणखी एक गोष्ट: २६ आणि २६.५ चं बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच बहुतेक वेळा एकच असतं, फरक आतल्या अस्तरात किंवा तळव्यात. त्यामुळे अर्धं माप कमी-जास्त केल्याने बूट लहान-मोठा होत नाही.

खरी परीक्षा अशी. अस्तर बाहेर काढा, मोकळ्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. एक ते दोन बोटं, म्हणजे साधारण १० ते २० मिलिमीटर, ठीक. तीन बोटं जात असतील तर बूट मोठा आहे, गिऱ्हाईक कितीही आरामात आहे म्हणत असला तरी. मग अस्तर परत घालून उभं करा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही तर तो बोट टेकतंय म्हणून मोठा बूट मागणार, हे ठरलेलं.

मोजा एकच, पातळ किंवा मध्यम, गुडघ्यापर्यंतचा. आपल्याकडची माणसं थंडीच्या भीतीने लोकरीचे दोन मोजे एकावर एक चढवतात. त्याने पाय गार पडतो, कारण रक्त फिरायला जागा उरत नाही आणि सुरकुतीखाली फोड येतो. थर्मलची पँट बुटात खोचू नये. ती बुटाच्या काठाच्या वर थांबली पाहिजे, नाहीतर नडगीवर शिवणीचा वण उठतो. बकल लावताना आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, घोट्यावरचं बकल लावा, मग नडगीवरची, शेवटी पंजावरची हलकीच. पंजावर करकचून आवळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, हा जबाबदारीचा भाग. बुटाच्या टाचेजवळ तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. मापाचा आकडा आणि हा आकडा वेगळे. बाइंडिंग याच्यावर बसवतात. बूट बदलला की बाइंडिंग पुन्हा तपासायचंच, माप तेच असलं तरी, कारण कंपनीगणिक कवचाची लांबी बदलते. टाचेचा भाग पुढे-मागे सरकवल्यावर बूट बसवून पुढचा दाब दाखवणारी खूण बघा. ती पट्ट्यात नसेल तर बाइंडिंग सुटायला हवं तेव्हा सुटत नाही किंवा नको तेव्हा सुटतं. सुटण्याचा आकडा, ज्याला सगळीकडे डिन म्हणतात, तो वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करणाऱ्याचा प्रकार यांच्या तक्त्यावरून ठरतो. मध्यम बांध्याच्या नवशिक्याचा आकडा साधारण ४ ते ६ मध्ये येतो. आदल्या दिवशीच्या तगड्या गिऱ्हाइकासाठी ८ वर ठेवलेलं बाइंडिंग तसंच पुढे दिलं, तर गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात. पन्नाशी ओलांडलेल्याला तक्त्यात एक पायरी खाली उतरवतात. हा तक्ता भिंतीवर चिकटवलेला नसेल आणि दुकानदार अंदाजाने स्क्रू फिरवत असेल, तर तिथे कामाला राहू नका. हा एक मुद्दा इतर सगळ्यावर मात करतो.

जुन्या बुटांत आणखी तीन गोष्टी बघायच्या. प्लॅस्टिक वयाने ठिसूळ होतं आणि थंडीत अचानक तडकतं. बकलच्या रिव्हेटभोवती आणि घोट्याच्या सांध्यापाशी केसासारख्या भेगा दिसल्या की बूट बाद. तळव्याचे पुढचे-मागचे काठ दगडी पायऱ्यांवर चालून झिजलेले असतील, तर बाइंडिंगची पकड बदलते; आकडा बरोबर असूनही सुटणं बिघडतं. आणि नव्या धर्तीचा, चालायला सोपा गोलसर तळवा, ज्याला ग्रिपवॉक म्हणतात, तो जुन्या बाइंडिंगमध्ये बसला असं वाटलं तरी बसवू नये. बाइंडिंगवर तशी खूण असेल तरच.

उतारावर बूट बाइंडिंगमध्ये बसत नाही अशी तक्रार आली, तर आधी बुटाच्या तळव्याखाली दाबलेला बर्फ हातातल्या पोलच्या टोकाने खरवडून काढायला सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटीच्या आसपास. नाकाच्या वर नको. कडांचं, म्हणजे स्कीच्या काठावरच्या धातूच्या धारेचं, मात्र औलीत जास्त बघावं लागतं. कृत्रिम बर्फ दाट असतो, आणि नैसर्गिक बर्फही दिवसा वितळून रात्री गोठला की सकाळी काचेसारखा होतो. बोथट कडा त्यावर धरतच नाही. अंगठ्याचं नख कडेवर आडवं घासून पाहा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. गंज दिसला तर आधी रबरी ब्लॉकने काढा, मग कानस. बाजूची धार ८८ किंवा ८९ अंशांवर, तळाकडून १ अंश. कोन धरणाऱ्या साच्यातच कानस फिरवायची, मोकळ्या हाताने नाही. दगडाला घासून कडेवर टणक झालेली जागा कानशीने कापली जात नाही, उलट कानसच खराब होते. तिथे आधी डायमंड स्टोन. बर्फ कमी असलेल्या वर्षी हे काम रोजचं होतं, कारण पातळ थराखाली गवत आणि खडी असते.

मेणाचं काम सोपं आहे पण घाई चालत नाही. स्कीचा तळ पुसून कोरडा करा, इस्त्रीला टेकवून मेणाचे थेंब पाडा, इस्त्री सतत हलती ठेवून एका टोकाकडून दुसरीकडे न्या. मेणातून धूर आला तर इस्त्री जास्त तापली आहे. तळ जळला की त्यात पुन्हा मेण मुरत नाही. पूर्ण गार होऊ द्या, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि ब्रश मारा. घरच्या कपड्यांच्या इस्त्रीला वाफेची भोकं असतात आणि तिचं तापमान वर-खाली होतं, ती वापरू नये. जानेवारीच्या कोरड्या थंडीत कडक मेण, मार्चच्या ओल्या बर्फात मऊ. मार्चच्या दुपारी स्की बर्फाला चिकटल्यासारखी थांबते आणि माणूस तोंडावर पडतो, त्याचं कारण तळाखाली साचलेलं पाणी आणि चुकीचं किंवा अजिबात नसलेलं मेण. तळाला खोल ओरखडा असेल तर प्लॅस्टिकची कांडी पेटवून तिचे थेंब त्यात भरतात आणि गार झाल्यावर पत्र्याच्या पट्टीने सपाट करतात. ज्योत निळी आणि तळाच्या जवळ ठेवा. लांब धरली तर काजळी मिसळते आणि तो भराव टिकत नाही.

संध्याकाळी बूट परत आले की अस्तर बाहेर काढून वाळवायचं. शेगडीसमोर ठेवू नका, कवच वाकडं होतं. गरम हवेचा वाळवणीचा रॅक नसेल तर वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदललेले, बऱ्यापैकी काम करतात. रात्री बूट गारठलेल्या पडवीत राहिले, तर सकाळी प्लॅस्टिक इतकं कडक होतं की पाय आत जात नाही आणि गिऱ्हाईक ओढाताणीत नडगी सोलून घेतं. म्हणून रात्रीची जागा माणसं झोपतात ती खोली. वास येतो, पण इलाज नाही.

उतारावरचं काम तुलनेने लवकर कळतं. ताजा बर्फ पडला की स्नो बीटर यंत्र फिरेपर्यंत नवशिक्यांची पट्टी पायानेच दाबावी लागते: स्की उताराला आडव्या ठेवून, एकेक पाऊल बाजूने टाकत खालून वर. दोन-तीन माणसं असतील तर तासाभरात वर्गापुरती जागा तयार होते. चेअरलिफ्टवर चालत फिरायला आलेल्या पर्यटकांची गर्दी मोठी असते, आणि ती माणसं उतरल्यावर थेट स्कीच्या वाटेत फोटोला उभी राहतात. बांबू, दोरी आणि सकाळी नऊच्या आत लावलेली जाळी यांनी जेवढं होतं, तेवढं आरडाओरड्याने होत नाही. शिकवताना पहिल्या दिवशी लिफ्ट नकोच. बूट घालून चालणं, एका स्कीवर घसरणं, पडून उठणं, बाजूने चढणं, आणि टोकं जवळ-शेपट्या लांब अशी पाचर करून थांबणं. थांबता येईपर्यंत कुणालाही वर नेऊ नये.

राहण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण जे आहे ते आधी माहीत हवं. नळ रात्री बारीक धारेने चालू ठेवला नाही तर पाइप गोठतो आणि मग दुपारपर्यंत बर्फ वितळवून पाणी. वीज जाते. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. नेटवर्क गेलं की ऑनलाइन पैसे थांबतात, म्हणून रोकड. चष्मा आणि सनस्क्रीन चैनीच्या वस्तू नव्हेत. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग परत फेकतो, आणि ढगाळ दिवशीही डोळे जळतात. हेल्मेट, हातमोजे आणि गॉगल स्वतःचे न्या, भाड्याच्यांवर विसंबू नका.

जेवणाला पूर्ण गुण. गढवाली गहत की दाल म्हणजे आपले कुळीथ, मंडुवा म्हणजे नाचणी. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाला ते ताट परकं वाटत नाही, आणि दिवसभर थंडीत उभं राहिल्यावर मैद्याच्या नूडल्सपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं. गावात रोज मिळणारं हे जेवण सोडून पाहुण्यांच्या मेनूवर राहू नका.

प्रशिक्षक म्हणून उभं राहायचं असेल तर आधी प्रमाणपत्राचा रस्ता धरावा. गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था इथले प्राथमिक आणि पुढचे अभ्यासक्रम करून मग औलीत हंगाम काढला, तर तो कारणी लागतो. औलीतच गढवाल मंडल विकास निगमचे छोटे अभ्यासक्रम स्की कशी असते हे कळण्यासाठी चांगले, शिकवण्याची पात्रता म्हणून अपुरे. इथले स्थानिक तरुण लहानपणापासून या उतारावर आहेत. त्यांच्याशी वेगाची स्पर्धा करायला जाऊ नये. ज्याला हिंदी-मराठी-इंग्रजीत शांतपणे समजावता येतं आणि बाइंडिंगचा तक्ता वाचता येतो, त्याची तिथे खरी गरज आहे.

गुण द्यायचे तर: उतार आणि समोर उभी नंदादेवी, पाचपैकी साडेचार. शिकायची संधी, चार. बर्फाचा आणि कमाईचा भरवसा, दोन. भाड्याच्या सामानाला आकडा देत नाही, कारण तो तुमच्याच हातात असणार आहे.

मार्चअखेरची आवराआवर नीट होते का, हेही निघण्याआधी विचारून ठेवा. स्कीवर मऊ मेणाचा जाड थर लावून तो न खरवडता तसाच ठेवायचा, कडांवरही ओढायचा म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. अस्तरं पूर्ण वाळवून परत कवचात, बकल सैल लावलेली, नाहीतर कवच उघडं पसरतं. प्रत्येक जोडीवर बुटाची तळवा-लांबी, तडा, झिजलेला काठ, बदलायचं बकल, जे असेल ते टॅगवर लिहून बांधायचं. उंदरांसाठी बुटांची तोंडं कापडाने बंद.